मोठ्या घरात नवं लेकरू येतं तेव्हा... तुमच्याकडं काय काय झालं?

पुढच्या महिन्यात आमच्या धाकट्या जाऊबाईचं बाळंतपण आहे. तिला आई नाही म्हणून पहिलं असूनही सासरीच करायचं ठरलंय. घर मोठं, आजेसासूपासून पुतण्यांपर्यंत सगळे एकाच वाड्यात, आणि आत्तापासूनच प्रत्येकाला काही ना काही सांगायचंय. तुमच्याकडं काय झालं, काय आवडलं, काय डोक्यात गेलं ते लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा.
– लातूरकरीण

परभणीची सून
माझं लेकरू मार्चातलं. सव्वा महिन्यानं माहेराहून आले तर दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्याला पाणी लावलं आणि उंबरा ओलांडायच्या आत लेकरू माझ्या हातातून गेलं ते भूक लागली तव्हाच परत आलं. आजेसासूबाई पाटावर पाय लांब करून बसायच्या, लेकरू नडग्यांवर पालथं, कोमट तेल, मग घंगाळातलं कडक पाणी, मग शेगडीत ओवा न बाळंतशेपा टाकून धुरी. परभणीचा मे महिना, पारा 43 च्या पुढं, कूलर बंद कारण काय तर वारं लागल, आणि वरून कुंची! मानेला घामोळ्या उठल्या तरी कुणी ऐकंना. सासूबाई आजेसासूंना बोलू शकत नव्हत्या, मी सासूबाईंना, आणि नवरा तर कुणालाच. शेवटी डॉक्टरकडं जाताना मुद्दाम आजेसासूंनाच सोबत नेलं. डॉक्टर त्यांनाच म्हणले, आजी तुम्ही या उन्हात डोक्यावरून घोंगडं घेऊन बसताल का? घरी आल्या, स्वतःच्या हातानं कुंची काढली आणि सासूबाईंना म्हणल्या, "किती येळा सांगितलं तुमाला, उकडायलंय लेकराला!" धुरी पण बंद झाली, ती छातीला बरी नाही म्हणले डॉक्टर. मालिश मात्र चालू राहिली आणि खरं सांगते, तशी मालिश मला अजून जमत नाही.

केजकर
आमच्या पुतणीच्या वेळी घर गावात आणि निम्मी माणसं ऊसतोडीच्या फडावर. भाऊ-भावजय कोयत्यावर गेलेले, सांगलीकडं. तिथल्याच सरकारी दवाखान्यात पोरगी झाली, नंतर कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत. पाचवीला शेजारच्या कोप्यातल्या बायकांनीच सटवाई पुजली. पाटा-वरवंटा कुठून आणायचा, चपटा दगड धुऊन मांडला, लेकीचं नशीब लिहायला कोरा कागद न पेन ठेवला, आणि बाळंतिणीच्या उशाला विळ्याच्या जागी भावाचा कोयता. आज्जीनं इकडून फोनवर सगळं वदवून घेतलं, हळद लावली का, दिवा कुठल्या तोंडाला ठिवला, एक गोष्ट सोडली नाही तिनं. हंगाम उठल्यावर गाडी गावात आली तव्हा सगळी भावकी वेशीपाशी. बारसं चैत्रात केलं, घुगऱ्या वाटल्या, पण पोरगी पाळण्यात मावंना, पाय बाहेर. एक कामाचं सांगतो. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते, त्यामुळं दाखल्यासाठी मला परत तिकडं जावं लागलं. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी दवाखाना सोडायच्या आधीच त्याचं बघा. सरकारच्या लेक लाडकी योजनेच्या फॉर्मला तो लागतोच (1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेली पोरगी आणि पिवळं नाहीतर केशरी रेशनकार्ड, जन्माला 5,000 आणि 18 वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्यानं सगळे मिळून 1,01,000).

औंढ्याची आत्या
आमच्याकडं नावावरून महाभारत. भाची जन्मली 17 सप्टेंबरला, शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन चालू असतानाच फोन आला. आबांनी लहानपणी रझाकारांच्या काळातल्या गोष्टी त्यांच्या वडलांकडून ऐकलेल्या, ते म्हणले नाव मुक्ता, विषय संपला. वहिनीनं मोबाईलवरून दोन अक्षरी नाव काढून ठेवलेलं. गुरुजींनी पत्रिकेतून च अक्षर काढलं. आणि मान तर माझा! बारशाला गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं, मी कानात कुर्रर्र केलं, तेवढ्यात पाठीत असे धपाटे बसले की मी काय नाव घेतलं ते कुणालाच ऐकू गेलं नाही, आणि पेढे वाटून होईपर्यंत मी पण सांगितलं नाही 😄 नोंद 21 दिवसांच्या आत बिननावाचीच करून टाकलेली, नाव वर्षभरात फुकट लावता येतं. दाखल्यावर वहिनीचं नाव लागलं. आबा मुक्ताच म्हणतात. बाकी सगळं गाव चिमी.

देगलूर नाका, नांदेड
आमच्यात जन्मल्याबरोबर कानात अजान देतात, माझ्या मुलाला नानांनी दिली. सातव्या दिवशी अकीका, बाळाचे केस उतरवायचे आणि केसांच्या वजनाएवढी चांदी दान करायची. ते केस इतके हलके की सोनाराच्या काट्यावर वजनच ठरंना, शेवटी त्यानं दुकानातले पंखे बंद करायला लावले आणि आमची सगळी वरात घाम पुसत उभी. शेजारच्या आजी डिंकाचे लाडू घेऊन आल्या, त्या आणि अम्मी मिळून मध चाटवायच्या तयारीत. आरोग्य खात्याच्या आशाताईनं वर्षाच्या आत मध अजिबात नको म्हणून बजावलं तर दोघी एका सुरात, "आमच्या लेकरांना काय झालं मग?" मध दिला नाही, पण आशाताईला त्या दिवशी चहा पण मिळाला नाही.

नाव नको
सगळ्यांचं गोड गोड चाललंय म्हणून लिहितेय. घरात बायका ढीगभर, लेकराला घ्यायला हात पुष्कळ, पण रात्री मला रडू यायचं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. येईल तो विचारणार, दूध पुरतंय का? मी काय म्हैस आहे का. फक्त मोठ्या जाऊबाईंना कळलं. बोलल्या काहीच नाहीत, पाहुणे आले की बाहेरून कडी लावून दारात तांदूळ निवडत बसायच्या, "दोघंबी झोपलेत." सासूबाई चिडल्या, मावससासू तर न जेवता गेल्या, पण ह्या हटल्या नाहीत. लातूरकरीण, तुमच्याकडं ही कडी कोण लावणार ते आधी ठरवा.

जालन्याचा काका
वरच्या ताईंना अनुमोदन. आणि बारक्या पोरांवर पण डोळा ठेवा. आमचा पाच वर्षांचा पुतण्या, बहिणीवर इतकी माया की स्वतःच्या तोंडातला फुटाणा तिच्या तोंडात घालायला निघाला, आईनं वरच्यावर हात धरला म्हणून बरं. दुसरं, बाळंतविड्यात सगळी झबली एकाच मापाची येतात आणि महिन्यात तोकडी होतात, म्हणून आम्ही पाहुण्यांना सरळ सांगितलं मोठ्या मापाचं आणा. एका मावशीला राग आला. तिनं तीन वर्षांच्या पोराचा सफारी आणला. पोरगी झाली होती.