मदत हवी आहे : गॅरेजच्या कोब्यावर कोणते कोटिंग करावे?

नाशिकमधील आमच्या घराच्या गॅरेजमध्ये सिमेंटचा कोबा असून त्याची पूड सतत सुटते, आणि मोटारसायकलखाली सांडलेले ऑइल इतके मुरले आहे की घासूनही काळा डाग जात नाही. इपॉक्सी (दोन घटक मिसळून लावायचे, घट्ट होणारे रेझिनचे कोटिंग) ऑइलला दाद देत नाही हे खरे. परंतु गॅरेजचे तोंड पश्चिमेला असल्याने निम्म्या भागावर दुपारचे ऊन येते आणि उन्हाने इपॉक्सी पिवळे पडते, म्हणून त्यावर ऊन सोसणारा पॉलियुरेथेनचा थर द्यावा की थेट तसेच ऊन सोसणारे पॉलिअ‍ॅस्पार्टिक करावे, हे ठरत नाही.

खरी धास्ती ओलीची आहे. पावसाळ्यात भिंतीलगतचा कोबा ओलसर दिसतो, आणि खालून ओल येत असेल तर कितीही महागडे कोटिंग फुगून निघते. प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून दुसऱ्या दिवशी त्याखाली पाणी धरले आहे का हे पाहण्याची चाचणी कोरड्या दिवसांत केली, तर तिच्यावर विसंबता येईल का?

कोटिंग नीट धरावे म्हणून ठेकेदार कोबा नुसता अ‍ॅसिडने धुऊन काम उरकू पाहतात. मला मात्र ग्राइंडिंगच (मशीनने कोब्याचा वरचा थर घासून काढणे) योग्य वाटते, कारण तेल मुरलेल्या जागी अ‍ॅसिड नीट लागत नाही. इथल्या पावसाळ्यात ज्यांचे कोटिंग टिकले आहे, त्यांनी ओल रोखणारा प्रायमर वापरला होता का, हे कृपया कळवावे.