जिन्याखालची सायकल: सोसायटीच्या ग्रुपवर

सावंतकाकू १०२: परबसाहेब, आज परत आमचा अथर्व त्या जिन्याखालच्या सायकलला अडखळून पडला. गुडघा फुटलाय. मागच्या मीटिंगला काय ठरलं होतं? की नुसते वडे खायला जमलो होतो?

परब सेक्रेटरी: सर्व सभासदांस कळविण्यात येते की रविवारी सकाळी १० वाजता भंगारवाला येणार आहे. जिन्याखालील सामान तत्पूर्वी हलवावे. 🙏

मंदार ३०४: काकू, माफ करा. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंत का? नसेल तर मी आत्ता घेऊन जातो त्याला. पण परबकाका, सायकल भंगारात नको. अण्णांची आहे. हेडवरचा, म्हणजे हँडलखालच्या नळीवरचा, कंपनीचा बिल्ला कधीच गेला, एकाखाली एक अशी दोन भोकं उरलीत. अण्णांनी दोनदा घरी रंगवली, त्यामुळे नाव-गाव काही दिसत नाही. ती कोणी बनवली ते मला शोधायचंय. तोपर्यंत गच्चीवर ठेवू दे.

देसाईकाका २०१: शोधायचं काय त्यात? हिंद आहे. वरळीची. आमचे दादा होते त्या कारखान्यात.

ओंकार ४०२: सायकलचं आधार कार्ड काढा 😂

परब सेक्रेटरी: रविवारी सकाळी १० वाजता भंगारवाला येणार आहे. जिन्याखालील सामान तत्पूर्वी हलवावे.

नेहा ३०१: देसाईकाका, हिंद असूही शकेल. पण काळी, रॉड ब्रेकची, फुल चेनकव्हरची सायकल तेव्हा सगळेच काढायचे. आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल, सोनिपतला ॲटलास. लांबून बघून नाही सांगता येत. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, स्टर्मी-आर्चर (बनवणारी कंपनी), एडब्ल्यू (मॉडेल) आणि ५३ (साल) असं कोरलंय. म्हणजे हब १९५३ चा.

देसाईकाका २०१: मग झालं की! १९५३ साली हिंद चालूच होती.

नेहा ३०१: त्यावरून चाकाचं वय कळतं, काका. चाक नंतर दुसरं बसवलं असेल तर? फ्रेमचं फ्रेमलाच विचारायला हवं. मंदार, पेडलचा आस धरणारे बीबी कप काढून त्यांचे आटे मोजून घे.

जोशी बी-२०४: विषय निघालाच आहे तर बी विंगला सकाळी पाणी का येत नाही हेही कोणीतरी मोजा.

परब सेक्रेटरी: जोशी, तो विषय वेगळा. जिन्याखालील सामान तत्पूर्वी हलवावे.

देसाईकाका २०१: परब, तुमची बंद स्कूटर दोन वर्षं गेटशी उभी आहे. तिला कोणता भंगारवाला नेणार?

परब सेक्रेटरी: स्कूटर माझ्या स्वतःच्या स्लॉटमध्ये आहे. मेंटेनन्स वेळेवर भरतो. सर्वांनी भरावा ही नम्र विनंती.

सावंतकाकू १०२: इथे पोराचा गुडघा फुटलाय आणि तुमचं काय चाललंय!

मंदार ३०४ (शनिवार): काल रात्री उशिरापर्यंत माहीमच्या मिस्त्रींकडे होतो. पेडलचा दांडा आसाला अडकवणारी कॉटर पिन दोन दिवस तेल पाजूनही हलत नव्हती. खाली लाकडाचा ठोकळा धरून हातोड्याने काढली. उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा निघाला. इटालियन किंवा फ्रेंच असती तर दोन्हीकडे सरळ आटे असते. ही इंग्लिश पद्धतीची. मग मिस्त्रींनी आटे मोजायचा गेज लावला. इंचाला २४ आटे हे इंग्लिश माप. याला २६ बसले. मला खरं वाटेना, तीनदा लावायला लावला. कप बसतात ती फ्रेमची नळी, म्हणजे शेल, ७१ मिलिमीटर रुंद आहे, नेहमीचा ६८ चा असतो. २६ आट्यांचं हे खास माप नॉटिंगहॅमच्या रॅलेचं. त्यांनी हंबर ही सायकल कंपनी १९३२ साली आणि रज ही दुसरी कंपनी १९४३ साली घेतली, म्हणजे यातलीही एखादी असू शकते. पण घराणं रॅलेचं. अण्णा 'चांगली आहे, जप' एवढंच म्हणायचे. काय चांगलं ते काल हातात धरून कळलं. लगच्या, म्हणजे फ्रेमच्या नळ्या जोडणाऱ्या तुकड्याच्या, कडेला पितळेची रेघ इतकी सारखी आहे की कुठे थेंबसुद्धा ओघळलेला नाही.

ओंकार ४०२: दादा, आता खरंच बघायला यायचंय. कधी येऊ?

देसाईकाका २०१: गेज चुकला असेल.

नेहा ३०१: तीनदा, काका?

देसाईकाका २०१: आमच्या दादांनी आयुष्य घातलं त्या कारखान्यात. रस्त्याला अजून हिंद सायकल रोडच म्हणतात. हिंदही काही कमी नव्हती.

मंदार ३०४: कमी कोण म्हणतंय, काका? १९८० साली हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या सरकारने एकाच कायद्याने ताब्यात घेतल्या. दादा असते तर सगळ्यात आधी फ्रेम त्यांनाच दाखवली असती. तुम्ही याल का बघायला? सीट लगवर एक नंबर आहे, रंगाखाली पुसट झालाय. तुमचं भिंग आणा.

देसाईकाका २०१: येतो. चहा झाल्यावर. अण्णांनी याच दांडीवर बसवून मला शिवाजी पार्कला नेलंय. तेव्हा ती हिरवी होती.

मंदार ३०४: हिरवी??? काका, नक्की? कारण काळ्या रंगाखाली एका ठिकाणी हिरवं दिसतंय, मला ते शेवाळ वाटलं होतं.

देसाईकाका २०१: गडद हिरवी. खरवडू नकोस, मी येतोय.

सावंतकाकू १०२: अथर्व विचारतोय, आटे कसे मोजतात. त्याला पाठवते वर. गुडघा बरा आहे.

परब सेक्रेटरी: रविवारी सकाळी १० वाजता भंगारवाला येणार आहे. सायकल वगळून जिन्याखालील सामान हलवावे. सायकल गच्चीवर नेताना लिफ्ट वापरू नये, आरसा नवीन आहे.