उधारीचे मेसेज आपोआप जाणं बंद करू का?

सळई_सिमेंट, सांगली
मंडळी जरा मत द्या. आमचं हार्डवेअरचं दुकान, सिमेंट, सळई, पत्रे. गिऱ्हाईक बहुतेक मिस्त्री आणि छोटे कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे सगळा कारभार उधारीवर. दिवाळीत पोराने बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवलं, त्यात बिलाला ३० दिवस झाले की सकाळी नऊला पार्टीला आपोआप व्हॉट्सॲप जातो, इतकी बाकी आहे भरणा करावा म्हणून. वसुली सुधारली हे कबूल, खोटं कशाला बोलू. पण परवा एक मिस्त्री आला, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, आणि मोबाईल काउंटरवर आपटला. त्याने शनिवारी साइटवर माझ्या हातात १८,००० रोख दिले होते, मी खिशातल्या डायरीत लिहिले आणि कॉम्प्युटरला चढवायचे राहून गेले. मेसेज आला तेव्हा नेमका घरमालक त्याच्या मोबाईलवर टाइल्सचे फोटो बघत होता. "मालकासमोर इज्जत काढली तुम्ही माझी." मी स्वतः फोन करायचो तेव्हा आधी स्लॅब पडला का, पोरीचं कॉलेज कसं चाललंय, मग हळूच पैशाचं काढायचो. मशीनला हे कुठून जमणार? माझं मत, बंदच करावं.

वहीखाते_ताई, पुणे
दादा राग मानू नका पण चूक सॉफ्टवेअरची नाही, तुमच्या खिशातल्या डायरीची आहे. रोख घेतली की तिथेच मोबाईलवर पावती टाका, दोन मिनिटं लागतात. मी अकरा दुकानांचे हिशोब बघते, पूर्वी ११ तारीख आली की जीएसटीआर-१ साठी, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या रिटर्नसाठी, रात्री दोन-दोनपर्यंत बिलं चढवत बसायचो. आता १४ ला टू-बी, म्हणजे सप्लायरांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची जीएसटीची यादी, आली की खरेदी आपोआप जुळवून घेते आणि जे जुळत नाही तेवढंच डोळ्याने बघते. मागे एका सप्लायरने बिल दाखवलंच नव्हतं, १५ ला सापडलं, त्याच्यामागे लागायला २० पर्यंत वेळ मिळाला. हाताने करत असते तर थ्री-बी, म्हणजे २० तारखेचं कर भरायचं रिटर्न, भरून झाल्यावर कळलं असतं.

कोपऱ्यावरचा_डीलर
ताई, डोळ्याने बघते म्हणालात ना, तेच तर कोणी बघत नाही हो. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आमच्या आयटम मास्टरला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या आणि टक्क्यांच्या यादीत, २८ तसाच पडून. काउंटरच्या पोराने दुपारपर्यंत चौदा बिलं फाडली, का तर कॉम्प्युटर काढतोय म्हणजे बरोबरच असणार. बिलबुकावर लिहायचो तेव्हा टक्का हाताने लिहावा लागायचा म्हणून डोकं जागं असायचं. मग संध्याकाळभर क्रेडिट नोटा काढा आणि एकेकाला फोन करून जास्तीचे पैसे परत द्या.

वहीखाते_ताई, पुणे
दर ३ सप्टेंबरला जाहीर झाले होते. एकोणीस दिवस होते हातात. एक मास्टर बदलला असता तर चौदाही बिलं बरोबर निघाली असती.

कोपऱ्यावरचा_डीलर
बदलला असता तर! हेच म्हणतोय मी.

स्पेअरपार्ट, इचलकरंजी
आमच्याकडे मेसेज तयार होतो पण जात नाही. सकाळी यादी येते, बायको चहा पिता पिता बघते, ज्याच्या घरी लग्न किंवा दवाखाना चालू आहे त्याचं नाव खोडते, बाकीच्यांना पाठवते. पाच मिनिटं. रोख आणि यूपीआयचं मात्र रात्री दुकान बंद करायच्या आत चढवायचंच, त्याशिवाय शटर ओढत नाही.

सळई_सिमेंट, सांगली
मग ते आपोआप कसलं राहिलं, असं पोरगा म्हणतोय. पण पटतंय मला. यादी आधी माझ्या मोबाईलवर येईल अशी सेटिंग करतो म्हणालाय, नाही जमली तर बंद.
जाता जाता एक गंमत सांगतो. त्या मिस्त्रीचं नाव मी रागारागात मेसेजमधून काढून टाकलं होतं. आज त्याचाच फोन, शेठ या महिन्याची बाकी आली नाही, पाठवा की, माझापण हिशोब त्याच्यावरच असतो. फक्त सकाळी नऊला नको म्हणाला, रात्री जेवण झाल्यावर पाठवा.