एसजीचा लाडल आणि चौदावं मिनिट: टेन्शनमध्ये डोकं जातं कुठं?

रात्रपाळी_कोल्हापूर:

नमस्कार मंडळी. मी एका फौंड्रीत रात्रपाळीचा शिफ्ट इनचार्ज. याच धंद्यात अकरा वर्षं झाली, त्यातली शेवटची दोन इनचार्ज म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एसजी आयर्न ओतताना वितळलेल्या लोखंडाला मॅग्नेशियम देतात. त्यामुळं आतलं ग्रॅफाइट गोळ्या-गोळ्यांचं होतं आणि कास्टिंग चिवट बनतं. पण मॅग्नेशियम टिकत नाही, मिनिटामिनिटाला उडत जातं. आमच्याकडं नियम सरळ आहे. ट्रीटमेंटपासून दहा मिनिटांत ओतायचं, नाहीतर लाडल (वितळलेलं लोखंड वाहून न्यायचं भांडं) पिग करायचा, म्हणजे माल लोखंडी तव्यात रिकामा करून पुन्हा भट्टीत टाकायचा.

गेल्या गुरुवारी पहाटे साडेतीन. सहाला गाडी भरायची होती. आधीची एक हीट, म्हणजे भट्टीचा एक घाणा, रिपोर्टात अडकलेली. मॅनेजरचे तीन फोन येऊन गेलेले. लाडल क्रेनला लटकलेला आणि नेमकी त्याच वेळी मोल्डची (साच्यांची) ट्रॉली रुळावरून उतरली. पोरं पहारी लावून ती चढवेपर्यंत चौदा मिनिटं झाली. आमचे ओतणारे मामा म्हणाले, ‘साहेब, पिग करूया.’ मी म्हणालो, ‘ओता.’

अडतीस कास्टिंग. सकाळी लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली बघितलं तर अर्धं ग्रॅफाइट गोळ्यांचं आणि अर्धं अळ्यांसारखं. सगळा माल भंगारात.

मला खात आहे ते वेगळंच. दहा मिनिटांचा हा नियम नव्या पोरांना मीच शिकवतो. आणि मामा म्हणे दोनदा बोलले होते. मला एकदाच ऐकू आलं. शपथेवर सांगतो, एकदाच.

ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांनी सांगा, असं का होतं? ‘ध्यान करा’ तेवढं सांगू नका, ते बायकोनं सांगून झालंय.

जुनी_भट्टी:

भावा, मी तीस वर्षं भट्टीपुढं काढली, आता घरी नातू सांभाळतो. एक विचारू? पिग केलेला माल तुमच्या सकाळच्या रिपोर्टात कुणाच्या नावावर पडतो? आमच्याकडं पडायचा इनचार्जच्या नावावर. ‘अमुक शिफ्टला इतके किलो पिग.’ आणि भंगार झालेलं कास्टिंग जायचं रिजेक्शनच्या खात्यात. तिथं वाळू, कोअर, पॅटर्न, लॅब, सगळ्यांचा वाटा. म्हणजे लगेच पिग केलं तर शिव्या एकट्याला, आणि ओतून वाया घालवलं तर दहाजणांत वाटून. पहाटे साडेतीनला माणूस काय करणार? तू बिघडला नाहीस लेका, तो रिपोर्टच तसला हाय.

आणि फोन. ओतायच्या वेळेला मी फोन स्टोअरच्या खिळ्याला पिशवीत अडकवून ठेवायचो. साहेब बोंबलायचे. बोंबलू देत.

भूल_देणारी:

मी भूलतज्ज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात. (नावावरचे विनोद ऐकून झालेत.) तुमचं ‘एकदाच ऐकू आलं’ वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडं हे शिकवतात.

2005 साली इंग्लंडमध्ये एका तरुण बाईचं सायनसचं साधं, आधीपासून ठरलेलं ऑपरेशन होतं. भूल दिल्यावर श्वासाचा मार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर तिथं हजर होते, तरी नळी घालायचे प्रयत्न चालूच राहिले. नर्सनं गळ्यातून वाट करायचं साहित्य आणून ठेवलं, तसं सांगितलंही. ते कुणाच्या डोक्यापर्यंत पोचलंच नाही. बाई वाचल्या नाहीत. डॉक्टर अडाणी नव्हते. हातात घेतलेलं काम सोडून दुसऱ्याकडं वळणंच त्यांना जमेना.

त्या बाईंचा नवरा वैमानिक होता. त्यानं कुणाला फासावर द्या म्हटलं नाही, आमच्या क्षेत्रानं विमानवाल्यांकडून शिकावं म्हणून मागं लागला. कारण विमानवाले आधीच पोळले होते. डिसेंबर 1978 मध्ये अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक डीसी-8 विमान चाकांचा घोळ निस्तरत तासभर घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलंय हे फ्लाइट इंजिनिअर सांगत होता. कॅप्टनचा जीव चाकांत. शेवटी इंजिनं बंद पडली, विमान वस्तीत कोसळलं, दहाजण गेले. वरिष्ठाला कसं टोकायचं आणि वरिष्ठानं कसं ऐकायचं, याचं रीतसर प्रशिक्षण त्यानंतर विमान कंपन्यांत जोरात सुरू झालं.

शरीराचं म्हणाल तर ताणाची दोन हार्मोन्स असतात: ॲड्रेनालिन सेकंदांत चढतं, कॉर्टिसोल मागून येतं आणि वीस-तीस मिनिटांनी कळसाला पोचतं. म्हणजे लाडल लटकला तेव्हा तुम्ही बहुतेक आधीच्या फोनांच्या कॉर्टिसोलवर चालत होता. अशा वेळी नवं काही तोलणं अवघड जातं, माणूस चालू असलेलं काम पुढं रेटतो.

माझ्यापुरता उपाय: ऑपरेशनआधीच मी मोठ्यानं म्हणते, ‘दोन प्रयत्न. तिसऱ्याच्या आधी सिस्टरनी मला थांबवायचं.’ सिस्टर थांबवतात. दोनदा रागही आलाय मला.

इतिहासवेडा:

पानिपत आठवलं. 14 जानेवारी 1761. विश्वासराव पडले आणि भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. रिकामी अंबारी दिसली आणि फौजेनं समजायचं ते समजून घेतलं. त्या एका क्षणाच्या निर्णयानं…

जुनी_भट्टी:

अहो, त्याआधी दोन महिने फौज उपाशी होती. ते कुणाच्या रिपोर्टात लिहायचं?

रात्रपाळी_कोल्हापूर:

पानिपत येणार हे माहीतच होतं, उशीर झाला इतकंच. :)

भट्टीकाका, तुम्ही नेम धरूनच मारला. आमच्याकडंही पिग इनचार्जच्याच नावावर पडतं. गुरुवारी ओता म्हणताना डोक्यात गाडी नव्हती, सकाळचा तो कागद होता. हे मी आत्ता तुमचं वाचून कबूल करतोय.

डॉक्टर ताई, तुमचं वाचून काल एक केलं. ट्रीटमेंट झाली की हेल्परनं लाडलजवळच्या पत्र्यावर खडूनं वेळ लिहायची. दहा मिनिटं झाली की पिग, आणि ते मामा ठरवणार, मला न विचारता. मामांना सांगितलं तर म्हणाले, ‘साहेब, हे लिहून द्या आणि खाली सही करा.’ वहीच्या पानावर लिहून दिलं. त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवलं.

रात्री पावणेदोनला एक लाडल त्यांनी पिग केला. मी दहा पावलांवर उभा. खरं सांगू, मी ओरडायला तोंड उघडलं होतं.

आता तो कागद मॅनेजरना दाखवायचाय. काका, रिपोर्टातला पिगचा रकाना तुमच्याकडं कधी बदलला होता का? कुणाला धरून?