बोर्गला राणी दिली तिथेच त्यांची भीती गेली, तुम्हाला काय वाटतं?

कर्वेनगरी
शनिवारी पाऊस थांबेचना म्हणून मित्राच्या फ्लॅटवर बसून स्टार ट्रेकचा फर्स्ट कॉन्टॅक्ट परत बघितला, १९९६चा, आणि तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, बोर्ग म्हणजे अर्धे माणूस अर्धे यंत्र असे असंख्य ड्रोन, सगळ्यांचं मिळून मन एकच, आणि ते तुम्हाला धरून आपल्यातलंच एक करून टाकतात. १९८९ला मालिकेत पहिल्यांदा आले तेव्हा ना चेहरा ना पुढारी. त्यात आपली माणसं त्यांच्या जहाजात शिरतात आणि ड्रोन शेजारून निघून जातात, ढुंकूनही बघत नाहीत, कारण तुम्ही अजून त्यांच्या खिजगणतीतच नाही. मला त्या सीनला आजही काटा येतो. विसर्जनाच्या रात्री अलका चौकातल्या गर्दीत जो अडकलाय त्याला कळेल मी काय म्हणतोय, धक्का कोण देतंय ते दिसत नाही आणि थांबा म्हणून सांगायचं कोणाला तेही कळत नाही.

आणि मग पिक्चरमध्ये राणी आणली. तिचं डोकं-खांदे वरून लोंबकळत खाली येतात, कणा वळवळतोय, आणि धडात जाऊन बसतात, सीन जबरदस्तच आहे. पण ती बोलायला लागली की संपलं. तिला जहाजावरचा यंत्रमानव डेटा हवाय, कॅप्टन पिकार्ड हवा होता, तिला रागही येतो. ज्याला काही हवंय त्याच्याशी सौदा करता येतो, त्याला फसवता येतं, आणि शेवटी तेच होतं ना, डेटा तिला फसवतो, ती मरते आणि ड्रोन ठप्प.

एरंडवणेकरीण
अजिबात पटलं नाही. डेटा यंत्रमानव आहे, आयुष्यभर त्याला माणूस व्हायचंय. राणी त्याच्या हातावर खऱ्या कातडीचा एक तुकडा लावते आणि त्यावर हळूच फुंकर मारते, त्याला पहिल्यांदा स्पर्श कळतो. ही फुंकर कोण मारणार होतं, ते बोर्गचं चौकोनी जहाज? मोह पाडायला समोर कोणीतरी लागतंच. मालिकेत चेहरा नसलेला शत्रू चालून जातो, दोन तासांच्या पिक्चरमध्ये नायक भिंतीशी किती वेळ बोलणार.

सदाशिवपेठी
आणि मालिकेत बोर्गच्या वतीने बोलणारा १९९०चा लोक्यूटस विसरलात का? चेहरा तर तेव्हाच दिला होता.

कर्वेनगरी
@सदाशिवपेठी पण तो चेहरा आपलाच होता हो, पिकार्डचा! वुल्फ ३५९च्या लढाईत आपली ३९ जहाजं गेली ती आपल्याच कॅप्टनच्या डोक्यातलं ज्ञान वापरून. तो पुढारी नव्हता, तोंड होतं फक्त. बोर्गला स्वतःचा चेहरा नव्हता म्हणून त्यांनी आपला नेला, यापेक्षा भयंकर काय असतं.

मोहोळवाला
मी जरा वेगळं बोलतो. गणेशखिंडीजवळ मधमाशी संशोधन संस्था आहे तिथे मी ट्रेनिंग केलंय, घरी सातेरी माश्यांच्या दोन पेट्या आहेत. राणीमाशी हुकूम देत नाही. पोळं सोडून नवीन जागा शोधायची असली की शोधक माश्या बाहेर जाऊन येतात, नाचून पत्ता सांगतात, त्यांच्यातच ठरतं आणि राणी त्यांच्याबरोबर जाते. मी स्वतः फ्रेम उचलून बघितलंय, राणी मेली की कामकरी माश्या कोवळ्या अळ्यांना रॉयल जेली चारत राहतात आणि नवी राणी तयार करतात. म्हणजे बोर्गला राणी दिली यात चूक नाही, तिला मालकीण केलं ही चूक. व्हॉयेजर या स्टार ट्रेकच्याच दुसऱ्या मालिकेत ती १९९९ला परत येते, चेहरा दुसऱ्या नटीचा, मेलेली परत कशी आली ते कोणी विचारत नाही. मला तर ते अगदी बरोबर वाटलं, पोळ्याने नवीन केली!

एरंडवणेकरीण
@मोहोळवाला दादा हे मस्त सांगितलंत, असं मी कधी बघितलंच नव्हतं. पण मूळ मुद्द्यावर येते. कर्वेनगरी म्हणतायत राणी आली म्हणून सौदा शक्य झाला. मग १९९७ला व्हॉयेजरमध्ये कॅप्टन जेनवेने बोर्गशी युती केली तिचं काय? स्पीशीज ८४७२ नावाचे परके जीव बोर्गलाच मारत सुटले होते म्हणून. तिथे राणी दिसतही नाही. सौदा तरी झालाच.

कर्वेनगरी
हे बरोबर धरलंत, सौद्याचं माझं चुकलं, मागे घेतो. पण तोच सीन परत बघा. जेनवे त्यांच्या जहाजात एकटी उभी आहे, आवाज सगळीकडून येतोय, हजार गळ्यांतून एकदम, आणि तिने बोलायचं ते कोणाकडे बघून? पुढे तीच सांगते की एकाला पुढे करा, मला एकाशी बोलायचंय, आणि तेव्हा सेव्हन ऑफ नाइन नावाची ड्रोन समोर येते. चेहरा बोर्गला नको होता, तो तिला हवा होता.