नववीच्या मुलांसमोर बुन्सन: अर्ध्या तासात काय दाखवू?

विज्ञानवेडी: २८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिन आहे. मला नववीच्या वर्गासमोर अर्धा तास मिळालाय, विषय रॉबर्ट बुन्सन (१८११-१८९९). मुलांना त्यांचं नाव फक्त बर्नरमुळे माहीत आहे. त्यापलीकडे काय सांगू आणि काय करून दाखवू? बर्नर, नायक्रोमची तार आणि नेहमीचे क्षार शाळेत आहेत.

क्षारवाला: ताई, चरित्र दोन मिनिटांत आटपा, बाकी सगळा वेळ ज्योतीला द्या. आधी बर्नरचं हवेचं भोक बंद ठेवून पिवळी, धुरकट ज्योत दाखवा आणि मग भोक उघडा. गॅसमध्ये हवा आधीच मिसळल्यामुळे ज्योत कडक तापते, आणि तिला स्वतःचा रंग जवळजवळ उरत नाही. १८५५च्या सुमारास बुन्सन आणि यंत्रकार पेटर डेसागा यांनी जर्मनीतल्या हायडेलबर्गला साधलं ते हेच. रंगहीन ज्योतीतच दुसऱ्याचा रंग ओळखता येतो.

तार विरल हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, रंग दिसेनासा होईपर्यंत तापवून स्वच्छ करा. मग मीठ लावा (पिवळा), मोरचूद (हिरवा), शेवटी पोटॅशियम क्लोराईड (फिकट जांभळा). हा जांभळा मिठाच्या कणानेही झाकला जातो, म्हणून मिठाचा पिवळा रंग अडवणारी कोबाल्टची निळी काच हाताशी ठेवा. बुन्सनही आधी रंगीत काचांतूनच बघायचे. लोलकातून (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या काचेतून) बघायचं सुचवलं ते त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ मित्र किर्खहोफ यांनी, आणि तिथून स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून बघायचं यंत्र, उभा राहिला.

लोलक: +१. लोलक नसेल तर खोक्याला बारीक फट पाडा आणि आत जुन्या सीडीचा तुकडा तिरका बसवा. बल्बच्या रंगांचा सलग पट्टा आणि मिठाच्या ज्योतीची एकच ठळक पिवळी रेघ शेजारी शेजारी दाखवा; प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा वेगळ्या असतात. खोका सूर्याकडे मात्र अजिबात रोखू देऊ नका.

कोकणकडा: सीझियम या मूलद्रव्याची गोष्ट सोडू नका! १८६०मध्ये बुन्सन आणि किर्खहोफ यांना जर्मनीतल्या ड्युर्कहाइमच्या खनिज पाण्यात अनोळखी निळ्या रेघा दिसल्या. मूलद्रव्य नवं आहे हे रेघांवरून कळलं होतं, पण क्षार हातात यायला तब्बल ४४,००० लिटर पाणी आटवावं लागलं, आणि मिळाले मोजके ग्रॅम. पुढच्याच वर्षी लेपिडोलाइट खनिजातून रुबिडियम हे आणखी एक नवं मूलद्रव्य. मुलांना आधी रेघ दाखवा, मग विचारा, "ही कोणाची?"

क्षारवाला: आणि सगळ्यांना सुरक्षा चष्मे लावायला सांगा. तरुणपणी आर्सेनिकच्या संयुगावर काम करताना स्फोट होऊन बुन्सनचा उजवा डोळा गेला होता. हे प्रयोगाच्या आधी सांगा, नंतर नको.