शब्दचर्चा: डबीवरचं ‘सीटिल’, ‘लॅक्टिक’, ‘टोकोफेरॉल’

प्रश्न: आईसाठी लक्ष्मी रोडवरून एक मॉइश्चरायझर आणलं. तिने भिंग लावून मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, “यात अल्कोहोल आहे, अ‍ॅसिड आहे, हे का तोंडाला लावायचं?” डबीवर आहे: अ‍ॅक्वा, ग्लिसरीन, सीटिल अल्कोहोल, नायासिनामाइड, टोकोफेरॉल, लॅक्टिक अ‍ॅसिड. तिला पटेल असा अर्थ कुणी सांगेल का?

उत्तर: काकूंनी लेबल वाचलं, हे उत्तम केलं. अ‍ॅक्वा म्हणजे लॅटिनमध्ये पाणी. ग्लिसरीनच्या मुळाशी ‘गोड’ अर्थाचा ग्रीक शब्द आहे, कारण ते चवीला गोड असतं.

खरी धास्ती सीटिल अल्कोहोलची. रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका मोठ्या कुळाचं नाव. दारूतलं इथेनॉल त्या कुळातलं एक. त्याच्या रेणूत कार्बनचे २ अणू, सीटिलमध्ये १६. एवढ्या फरकाने सगळा स्वभाव पालटतो. इथेनॉल भुर्रकन उडून जातं आणि त्वचा कोरडी करतं. सीटिल हा पांढरा, मेणचट, घट्ट पदार्थ. क्रीमला दाटपणा आणतो, त्वचा मऊ ठेवतो. लेबलवर नुसतं ‘अल्कोहोल’ किंवा ‘अल्कोहोल डिनॅट’ (म्हणजे पिण्याजोगं न ठेवलेलं इथेनॉल) लिहिलेलं असलं आणि तेही पहिल्या चार-पाच नावांत, तर मात्र कोरड्या त्वचेच्या माणसाने ती डबी टाळावी.

‘सीटस’ म्हणजे लॅटिनमध्ये देवमासा. १८१७ मध्ये शेव्हरल या फ्रेंच शास्त्रज्ञाला हा पदार्थ देवमाशाच्या डोक्यातल्या मेणचट चरबीपासून मिळाला. आता तो मुख्यतः पाम किंवा खोबरेल तेलापासून करतात, नाव मात्र तेच राहिलं. सासवडकर कोथरूडला राहत असले तरी आडनाव सासवडकरच, तसं. म्हणून या नावांवरून पदार्थ पहिल्यांदा कुठे सापडला ते कळतं. आज कुठून येतो आणि किती तीव्र आहे, ते कळत नाही.

लॅक्टिकचंही तेच. ‘लॅक’ म्हणजे दूध. शेले या शास्त्रज्ञाने १७८० मध्ये ते आंबलेल्या दुधातून वेगळं केलं. दह्याला आंबटपणा येतो तो त्याच्याचमुळे. आपल्याकडे बोलताना ‘अ‍ॅसिड’ म्हटलं की संडास धुवायची बाटली आठवते. काकूंना ‘दह्यातलं आम्ल’ म्हणून सांगा. शाळेच्या पुस्तकात ‘आम्ल’ असतं, विश्वकोशात ‘अम्ल’, दोन्ही चालतात.

भारतातल्या नियमांप्रमाणे १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, त्याखालचे कसेही. तुमच्या यादीत लॅक्टिक शेवटी आहे, म्हणजे बहुधा क्रीमची आम्लता जुळवण्यापुरतं. पण तेच ५-१० टक्के घालून मृत त्वचा काढायला विकतात, तेव्हा ते चुरचुरतं आणि दिवसा सनस्क्रीन लावावंच लागतं.

टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व. ग्रीकमध्ये ‘टोकोस’ म्हणजे बाळंतपण. १९२२ मध्ये इव्हान्स आणि बिशप या संशोधकांना दिसलं की आहारात हा घटक नसेल तर उंदरांच्या माद्यांचा गर्भ टिकत नाही. त्यावरून हे नाव पडलं. क्रीममध्ये त्याचं एक साधं काम म्हणजे तेल खवट होऊ न देणं.

नायासिनामाइड हा बी-३ जीवनसत्त्वाचा प्रकार. या जीवनसत्त्वाचं मूळ नाव निकोटिनिक आम्ल, कारण ते आधी निकोटिनपासून बनवलं होतं. १९४० च्या दशकात अमेरिकेत ते पावाच्या पिठात घालायला लागले, तेव्हा लोकांना तंबाखू आठवू नये म्हणून ‘नायासिन’ हे नाव रूढ केलं. नावाची धास्ती तिकडेही होतीच!

आणखी एक शंका: मुरुमांसाठी मुलीला सॅलिसिलिक दिलंय. ते कुठलं?

उत्तर: ‘सॅलिक्स’ या झाडावरून. नदीकाठी वाढणारा आपला वाळुंज सॅलिक्सच. हे आम्ल तेलात विरघळतं, म्हणून तेलकट रंध्रांत उतरतं.

दुसऱ्या एकाची शंका: आम्ही फक्त आयुर्वेदिक लेप लावतो. पण त्यावरही आझाडिराक्टा इंडिका, कुर्कुमा लाँगा, सँटलम आल्बम असं लिहिलंय!

उत्तर: कडुनिंब, हळद, चंदन. आझाडिराक्टा फारसी ‘आझाद दरख्त’वरून आलं, आणि सँटलमच्या मुळाशी आपलं चंदनच आहे. मात्र ओळखीचं नाव दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. लिनालूल, लिमोनीन हे घटक फुलांच्या आणि लिंबाच्या सुगंधी तेलांत नैसर्गिकच असतात, तरी काहींना त्यांनी पुरळ उठतं. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस थांबा, मगच चेहऱ्याला लावा. ‘रेटिनॉल’ (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) दिसलं आणि घरात कुणी गरोदर असेल, तर ती डबी तिच्यापासून लांब ठेवा.

पहिल्या प्रश्नातली यादी अर्धीच वाटते, टिकवण्यासाठी घातलेला घटक त्यात दिसत नाही. डबीवरच्या शेवटच्या दोन ओळीही लिहून पाठवा. फिनॉक्सीइथेनॉल असेल तर त्याचंही सांगते.